फावल्या वेळाची करामत

‘लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजतोस?’ हा टोमणा घरोघरी ऐकू येतो. पण हाताशी इंटरनेट असलं, की हेच भाकऱ्या भाजणारे काय काय करून ठेवतात ते बघा!

विकिपीडियाचंच घ्या. लेखक क्ले शर्की यांनी २००८ मध्ये हिशेब मांडला : तोवरचा सगळा विकिपीडिया उभा राहायला माणसांचे साधारण १० कोटी तास लागले. अमेरिकेतले लोक वर्षभरात टीव्हीपुढे घालवत होते २० हजार कोटी तास. म्हणजे एका वर्षाच्या टीव्हीत दोन हजार विकिपीडिया!

आता आकाशात चला. सुमारे नऊ लाख दीर्घिकांचे फोटो हाती, आणि प्रत्येक सर्पिल की लंबगोल हे ठरवायचं. ऑक्सफर्डचे संशोधक केविन शाविन्स्की यांनी एकट्याने ५० हजार निरखले. पुढे? २००७ मध्ये ‘गॅलक्सी झू’ ही वेबसाइट सुरू करून फोटो सर्वांसाठी खुले केले. वर्षभरात दीड लाख हौशी लोकांनी पाच कोटी नोंदी केल्या! त्यातल्या हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला एका दीर्घिकेशेजारी विचित्र डाग दिसला. ‘हे काय आहे?’ तिने सरळ विचारलं. तज्ज्ञांनाही ठाऊक नव्हतं. तो निघाला दीर्घिकेएवढा अवाढव्य, चमकणारा वायूचा ढग. आज तो हॅनीच्याच नावाने ओळखला जातो. शंका विचारायला पदवी लागत नाही, हे मला यात फार आवडतं.

‘फोल्डइट’ हा तर चक्क प्रथिनांच्या घड्या घालण्याचा संगणकावरचा खेळ. माकडांना एड्ससारखा आजार देणाऱ्या विषाणूतल्या एका प्रथिनाची रचना शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून अधिक काळ उलगडत नव्हती. खेळाडूंनी ती तीन आठवड्यांत उलगडली. २०११ च्या शोधनिबंधात लेखक म्हणून त्यांच्या गटांचीही नावं आहेत!

१२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला. राजधानीचा धड नकाशाही नव्हता. जगभरातल्या शेकडो जणांनी घरबसल्या उपग्रहचित्रांवरून गल्लीन् गल्ली रेखली, आणि मदतपथकं त्याच नकाशावर चालली.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आपल्यासाठी उघडा आहे. आज तुमच्या गावाचं पान बघा. नदी, जत्रा, बाजाराचा वार यांतलं काही राहून गेलं असेल, तर संदर्भासह चार ओळी लिहाच.