पुसायचे काय, राखायचे काय

क्योतोच्या निन्टेंडो कंपनीत १९६५ साली गुनपेई योकोई नावाचा तरुण इंजिनिअर रुजू झाला. कंपनी तेव्हा प्रामुख्याने पत्ते तयार करी आणि हानाफुदा हे जपानी पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल योकोईंकडे होती. चोवीस वर्षांनी, २१ एप्रिल १९८९ रोजी, त्यांच्याच विभागाने घडवलेला ‘गेम बॉय’ हा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेमचा संच जपानच्या दुकानांत आला. तो आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून जगभर ११ कोटी ८६ लाखांहून अधिक संच विकले गेले. त्यांतले कितीतरी आजही चालतात आणि बंद पडलेले घरच्या टेबलावर दुरुस्त होतात.

सरावाचे, स्वस्त झालेले, खाचाखोचा ठाऊक असलेले तंत्र घ्यावे आणि त्यातून नवा खेळ काढावा, असा योकोईंचा आग्रह होता. रंगीत पडदा शक्य असतानाही त्यांनी हिरवट पडदा घेतला : १६० बाय १४४ ठिपके, चार छटा. चार पेन्सिल सेलवर तो दहा-पंधरा तास सहज चाले. १९९० साली आलेल्या सेगाच्या ‘गेम गिअर’चा पडदा रंगीत आणि उजळ होता, पण सहा सेल तीन ते पाच तासांत संपत. पुढे त्याच्या सर्किटवरचे छोटे कपॅसिटर पाझरू लागले. आज ते बदलल्याशिवाय हा संच क्वचितच नीट चालतो. याउलट १९९०-९१च्या आखाती युद्धात होरपळून कवच वितळलेला एक गेम बॉय न्यूयॉर्कमधल्या निन्टेंडोच्या दुकानात कित्येक वर्षे मांडलेला होता आणि त्यावर ‘टेट्रिस’ चालू असे.

मात्र कवच आणि सर्किट टिकले, तरी खेळ टिकतोच असे नाही. खेळणाऱ्याने महिनोन्‌महिने जमवलेली प्रगती कुठे साठते, हे आधी कळले पाहिजे. रिसेट अनेक प्रकारचे असतात आणि प्रत्येक रिसेट वेगळी जागा पुसतो.

तीन रिसेट

पहिला रिसेट म्हणजे बंद करून चालू करणे. गेम बॉयची कामापुरती स्मृती ८ किलोबाइटची, ती वीज जाताच रिकामी होते. पुन्हा चालू करताच आत कायमचा कोरलेला २५६ बाइटचा एक प्रोग्रॅम धावतो. तो खेळाच्या कार्ट्रिजमधून निन्टेंडोचे बोधचिन्ह वाचतो, पडद्यावर वरून खाली सरकवतो आणि स्वतःजवळच्या प्रतीशी ताडून पाहतो. चिन्ह जुळले नाही तर संच तिथेच थांबतो. परवान्याविना खेळ विकणाऱ्यांना अडवण्यासाठी केलेली ही सोय दुरुस्ती करणाऱ्याच्या फार उपयोगी पडते. चिन्हाच्या जागी काळी पट्टी दिसली, तर कार्ट्रिजशी संपर्कच होत नाही. चिन्ह विस्कटलेले दिसले, तर काही पिनांवर मळ आहे. संच उघडण्याआधीच अर्धे निदान होते.

दुसरा रिसेट बटणांचा. ए, बी, स्टार्ट आणि सिलेक्ट एकदम दाबले की अनेक खेळ पहिल्या पडद्यावर परततात. ही सोय खेळाच्या प्रोग्रॅममध्ये असते. ती साठवलेल्या प्रगतीला हात लावत नाही.

तिसरा रिसेट कायमचा. १९९६ साली जपानमध्ये सुरू झालेल्या ‘पोकेमॉन’ मालिकेतल्या ‘रेड’ आणि ‘ब्लू’ या खेळांत शीर्षकाच्या पडद्यावर वरचा बाण, सिलेक्ट आणि बी दाबले, की सारी प्रगती पुसायची का, असे विचारले जाते. हो म्हटले की परतीची वाट नाही.

चौथ्या प्रकारे पुसले जाते ते मात्र कोणी न सांगता. ‘पोकेमॉन’ची प्रगती कार्ट्रिजमधल्या एका चिपमध्ये असते आणि ती जिवंत ठेवते तीन व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी. ती साधारण पंधरा-वीस वर्षे टिकते. याच मालिकेतल्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये तीच बॅटरी खेळातले घड्याळही चालवते, म्हणून ती आणखी लवकर संपते. बॅटरी संपली की लहानपणीचा सगळा प्रवास गेला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी असलेल्या ‘ब्रिक गेम’मध्ये तर सेल बदलले की सर्वोच्च गुण शून्यावर येत. तिथे राखण्याची सोयच नव्हती. कार्ट्रिजमध्ये ती आहे, म्हणून तिची निगा आपल्यावर येते.

निगा

बॅटरी बदलताना जुनी काढली की स्मृतीही जाते. म्हणून आधी कार्ट्रिज वाचणाऱ्या उपकरणाने प्रगतीची प्रत संगणकावर घ्यावी, नवी बॅटरी बसवावी आणि प्रत परत उतरवावी. कार्ट्रिजचा विशिष्ट स्क्रू उघडायला ३.८ मिलिमीटरचा खास पाना लागतो. बॅटरी धातूच्या पट्ट्या आधीच जोडलेली घ्यावी. सेलवर थेट डाग दिला, तर उष्णतेने तो बिघडतो.

कार्ट्रिजमध्ये फुंकर मारायची सवय जगभरच्या मुलांना होती. उपयोग होई तो कार्ट्रिज काढून पुन्हा बसवल्याचा. श्वासातला ओलावा मात्र संपर्क गंजवतो. आपल्याकडे संगणकाची रॅम खोडरबराने घासतात, तोच उपाय इथे वारंवार केला तर सोन्याचा पातळ मुलामा झिजतो. आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवलेला इअरबड पुरतो. पुसल्यावर पूर्ण वाळू द्यावे.

खरा शत्रू म्हणजे आत विसरलेले सेल. अल्कलाइन सेल पाझरले की पांढरी पूड जमते. ती अल्कधर्मी असते, म्हणून थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून ती काढतात आणि मग अल्कोहोलने पुसतात. स्वस्त झिंक-कार्बन सेलचा पाझर आम्लधर्मी असतो, तिथे खाण्याचा सोडा लागतो. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून जुना खेळ निघाला, तर सुरू करण्याआधी सेलचे झाकण उघडून पाहा.

पडद्यावर उभ्या रेषा गायब होणे हे जुन्या गेम बॉयचे नेहमीचे दुखणे. पडद्याच्या खालच्या कडेची लवचीक पट्टी सुटू लागते. जाणकार सोल्डरिंग आयर्न मंद तापवून ती पट्टीवरून हलकेच फिरवतात आणि रेषा परत येतात.

बंद कवचांचा काळ

२०१७ साली आलेल्या निन्टेंडोच्या ‘स्विच’ या संचामध्ये खेळ कार्डावर असला, तरी प्रगती संचाच्याच आत राहते. मेमरी कार्डावर तिची प्रत होत नाही. रिसेटचे दोन पर्याय मिळतात : प्रगती राखून करायचा आणि सगळे पुसणारा. हा फरक न वाचता बटण दाबले, तर कित्येक महिन्यांचा खेळ जातो. लिथियम बॅटरी सहा महिन्यांतून एकदा तरी चार्ज करा, असे कंपनीच सांगते. निन्टेंडोच्याच ‘३डीएस’ या आधीच्या संचाचे ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ रोजी बंद झाले, तेव्हा तिथून नवा खेळ विकत घेण्याची वाटही मिटली.

युरोपीय संघाच्या २०२३च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७पासून हातातल्या उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे. भारतानेही डिसेंबर २०२२मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टल सुरू केले. या हक्काची चर्चा बॅटरी आणि सुट्या भागांवर थांबू नये. खेळणाऱ्याने कमावलेली प्रगती ही त्याचीच मालमत्ता आहे. तिची प्रत संचाबाहेर काढण्याची सोय प्रत्येक कंपनीने द्यायला हवी आणि खरेदी करताना आपण तिची मागणी करायला हवी. किंमत, पडदा, बॅटरी यांच्याबरोबर दुकानदाराला एवढे विचारा : हा संच बिघडला, तर माझा खेळ मला परत मिळेल का?