नोकरी आणि चाकरी

पवनीतल्या माझ्या वर्गातून काही मुलेमुली तलाठी, शिक्षक, बँकेतले कारकून होतात. बहुतेकांच्या घरातली ती पहिलीच नोकरी. माझ्याही घरातला पहिला पदवीधर मीच. ‘सर, नोकरीत वागायचं कसं?’ असे ती विचारतात. आयते उत्तर गावात तयार असते : मान खाली घाल, ‘शुद्ध’ बोल, जातीचा विषय काढू नको. हे व्यावसायिक वर्तन नव्हे. ही इस्त्रीच्या कपड्यातली जुनी चाकरीच आहे.

मुंबई इलाख्यात १८७४ च्या वतन कायद्याखाली महाराच्या कामाला ना वेळ होती, ना मर्यादा. तो घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याला जुंपत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली विधिमंडळात विधेयक मांडले ते या गुलामीविरुद्ध. चाकरी माणसाला बांधते. नोकरी कामापुरती बांधते. काम कोणते, किती वेळ, कोणत्या नियमाने, हे तिथे लिहिलेले असते.

म्हणून वेळ पाळणे, नोंद चोख ठेवणे, हाती आलेली माहिती न फोडणे आणि आडनाव न पाहता प्रत्येकाचा अर्ज क्रमाने घेणे, एवढेच व्यावसायिक वर्तन. साहेबाच्या घरची भाजी आणणे त्यात बसत नाही. शांतपणे नकार द्यावा. हुकूम नियमाबाहेरचा वाटला तर लेखी मागावा. खरी कसोटी मात्र आपल्या वस्तीतला माणूस टेबलापुढे उभा राहतो तेव्हा लागते. त्याला नियम समजावून सांगा, अर्ज नीट भरून द्या. पण रांग मोडू नका. रांग मोडण्याची रीत पडली की शेवटी दुबळाच मागे ढकलला जातो.

हे बंधन एकतर्फी नाही. १९१७ साली बडोद्यात शिपाई बाबासाहेबांकडे दुरून फायली फेकत. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकांच्या माठातले पाणी त्यांनी घेण्यास काही सहकाऱ्यांनीच हरकत घेतली. कोलंबियात शिकलेल्या माणसाच्या वागण्यात काय उणे होते? उणेपण कचेरीत होते.

मी रुजू झालो त्या आठवड्यात ‘तुम्ही कोणत्या कोट्यातून?’ असा प्रश्न मला आला होता. असे विचारणाराच शिस्त मोडत असतो. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. ते कलम कचेरीच्या उंबऱ्याशी थांबत नाही. गप्प राहणे म्हणजे सभ्यता नव्हे. अपमान झाला तर तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवा. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. आपले काम चोख असेल तर त्या कागदाला वजन येते.