झिंझोटीतलं 'वंदे मातरम्'

'वंदे मातरम्'ला दीडशे वर्षं झाली म्हणून डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत दिवसभर चर्चा झाली. कडवी कुणी गाळली, १९३७च्या काँग्रेस कार्यसमितीत काय ठरलं, नेहरू काय म्हणाले, यावरून सभागृह तापलं. पण गाणं शेवटी गायचं असतं. ते कोणत्या चालीवर, कोणत्या लयीत, कोणत्या वाद्यांवर, या प्रश्नाच्या मागे एका मराठी गवयाने स्वातंत्र्यानंतरची काही वर्षं घातली. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर हे त्याचं नाव, आणि या वर्षात ते जेवढं ऐकू यायला हवं होतं तेवढं आलेलं नाही.

खानदेशाला या दोन शब्दांची किंमत सांगायला नको. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात हाच घोष करत निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार, लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम यांचे जीव गेले. शिरीषकुमार तर शाळकरी पोर. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होतं आणि पुढे १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच. धुळ्यात आणि तिथल्या देवपुरात या मुलांची आठवण निघते, निघायलाच हवी. त्यांच्या ओठांवरचं गाणं राष्ट्रगीत व्हावं म्हणून झटलेला माणूस मात्र बाजूलाच राहतो.

संगीतकाराने देशासाठी उभं राहण्याची जगातली गाजलेली गोष्ट पोलंडच्या पादेरेव्स्कीची. अमेरिकेत पियानोच्या मैफली गाजवणारा हा कलावंत १९१९ मध्ये स्वतंत्र पोलंडचा पंतप्रधान झाला आणि व्हर्सायच्या तहावर त्याची सही आहे. मास्तरांना कुठलं पद नको होतं. त्यांचं मागणं एवढंच होतं की आधी चाल ऐका आणि मग ठरवा.

१८९८ साली आळंदीत जन्मलेले कृष्णराव हे भास्करबुवा बखल्यांचे शिष्य. गंधर्व नाटक मंडळीत 'कान्होपात्रा'च्या चाली त्यांच्या, 'प्रभात'च्या 'माणूस' आणि 'शेजारी' या चित्रपटांचं संगीतही त्यांचंच. काँग्रेसच्या अधिवेशनांत 'वंदे मातरम्' घुमवणारे विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्या आधीच्या पिढीतले. १९२३ला काकीनाड्याच्या अधिवेशनात खुद्द अध्यक्षांनी हरकत घेतली, तरी पलुसकरांनी गाणं पुरं केलंच. तोच पीळ मास्तरांत होता. इंग्रजी अमलात मुंबई रेडिओवर गाताना त्यांनी 'वंदे मातरम्' सुरू केलं आणि प्रक्षेपण बंद पाडलं गेलं. मास्तरांनी रेडिओवर गाणंच सोडलं. स्वातंत्र्य येईपर्यंत बहिष्कार चालला. गवयाच्या दृष्टीने हा साधा त्याग नव्हे, कारण घरोघरी पोचायचा तेव्हाचा रस्ता तोच होता.

खरी परीक्षा पुढे होती. नेहरूंनी २५ ऑगस्ट १९४८ रोजी संविधान सभेत भूमिका मांडली. राष्ट्रगीत गायलं कमी जातं, वाजवलं जास्त जातं, तेव्हा बँडवर बसणारी चाल महत्त्वाची. 'जन गण मन' १९४७ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या प्रसंगी वाद्यवृंदावर वाजून पसंत पडलं होतं. 'वंदे मातरम्' बँडवर सहज बसत नाही, हा आक्षेप रास्त होता, हे मान्य करायला हवं. आपल्या गाण्यात सुरावरून सुरावर मींडेने जायचं, शब्द लांबवायचा, समेवर यायचं. बँडमध्ये प्रत्येक वाद्याला आपला सूर किती मात्रा धरायचा हे कागदावर लिहून द्यावं लागतं आणि सगळ्यांची पावलं एका ठोक्यावर पडावी लागतात.

मास्तरांनी भाषणं केली नाहीत, ते काम करायला बसले. त्यांची चाल झिंझोटीतली. मंद्रातल्या धैवतावरून षड्ज, मग रे, म आणि ग, अशी या रागाची ठेवण. फार वर चढावं लागत नाही, त्यामुळे शंभर पोरांनाही एका गळ्याने म्हणता येतं. हीच चाल घेऊन ते मुंबई पोलीस बँडचे प्रमुख सी. आर. गार्डनर यांच्याकडे गेले. बखल्यांच्या तालमीतला गवई आणि इंग्रज बँडमास्तर यांनी मिळून पाश्चात्त्य स्वरलेखन बसवलं, लय संचलनाच्या ठोक्याला लावली आणि बँडकडून चाल वाजवून घेतली. दिल्लीत संविधान सभेच्या सदस्यांपुढेही मास्तरांनी प्रात्यक्षिक दिलं. तांत्रिक हरकतीला तांत्रिक उत्तर देणारा दुसरा कुणी त्या वादात सापडणं कठीण.

निर्णय मात्र दुसरीकडे झुकला. २४ जानेवारी १९५० रोजी राजेंद्रप्रसादांनी 'जन गण मन' राष्ट्रगीत असल्याचं जाहीर केलं आणि 'वंदे मातरम्'ला समान मान दिला.

आज या गाण्याला एका धर्माच्या चौकटीत बसवू पाहणाऱ्यांनी मास्तरांची कारकीर्द सबंध पाहावी. १९४१चा 'शेजारी' हा हिंदू-मुसलमान मैत्रीचा चित्रपट आणि त्याचं संगीत त्यांचं. १९५६ साली डॉ. आंबेडकरांनी पालीतल्या बुद्धवंदनेला चाल लावायला बोलावलं तेही त्यांनाच, आणि तिची ध्वनिमुद्रिका निघाली. पद्मभूषण त्यांना १९७१ मध्ये मिळालं, १९७४ मध्ये ते गेले.

दीडशेव्या वर्षाचे कार्यक्रम शाळाशाळांतून चालू आहेत. बहुतेक ठिकाणी देस रागातली, रेडिओवरची ओळखीची चाल म्हटली जाते. ती गोड आहेच. पण ज्या देवपुरात शाळांच्या बँडची परंपरा जपावीशी वाटते, तिथल्या संगीतशिक्षकांनी झिंझोटीची चाल यंदा मुलांच्या गळ्यात उतरवायला काय हरकत आहे? पेटीवर ती चारदोन तासिकांत बसेल.