काचेच्या कडेला उरलेलं गाव

स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला, इटालियन बोलणाऱ्या तिचिनो प्रांतात ब्लेनियो नावाचं खोरं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथली माणसं उतारावरचे तुकडे कसत, गुरं पाळत आणि तेवढ्यात भागत नसे म्हणून परमुलखात जात. लंडनमध्ये रस्त्यावरच्या माणसाला आइस्क्रीमची चटक लावणारा कार्लो गात्ती याच खोऱ्यातला. रोबेर्तो दोनेत्ताही १८९४ मध्ये लंडनला वेटर म्हणून गेला आणि सव्वा वर्षात तब्येत खालावून परत आला. मग तो गावोगाव फिरून बियाणं विकू लागला. १९०० च्या सुमारास दिओनीजी सोर्जेझा या ओळखीच्या शिल्पकाराने त्याला एक कॅमेरा भाड्याने दिला आणि तो चालवायलाही शिकवलं. त्यानंतर मरेपर्यंत दोनेत्ताने बियाणंही विकलं आणि फोटोही काढले.

या जोडधंद्याचा फायदा उघड आहे. बियाणं विकणाऱ्याला दारात कोणी अडवत नाही. कोणाकडे लग्न निघालंय, कोणाचा मुलगा परदेशी चाललाय, हे त्याला आधी कळतं. त्याच्या कॅमेऱ्यासमोर नवरानवरी, सणाचे कपडे घातलेली मुलं, कारागीर, खोऱ्यातल्या चॉकलेट कारखान्याचे कामगार असे सगळे उभे राहिले. ही माणसं बुजलेली दिसत नाहीत. पुष्कळदा ती थेट भिंगात बघतात, आणि त्या नजरेत ‘काढ बाबा लवकर’ असा घरगुती वैताग मला तरी दिसतो.

कॅमेरा लाकडी पेटीचा, तिकाटण्यावर ठेवायचा. आत जिलेटिनचा थर दिलेली काच. ही काच कारखान्यातून तयार मिळे. आधीच्या पद्धतीत काच जागेवरच रसायनात भिजवून, ओली असतानाच वापरावी आणि धुवावी लागे. म्हणजे फोटोग्राफरला अंधारी खोली सोबत वागवावी लागे. कोरड्या काचेने ती कटकट संपवली. दिवसभर फोटो काढा, घरी जाऊन सवडीने धुवा. डोंगर तुडवणाऱ्या गरीब माणसाला फोटोग्राफी परवडली ती यामुळे. तरीही सावलीत माणसांना क्षणभर निश्चल राहावं लागे आणि हललेल्या पोराचा चेहरा पुसट होई.

स्टुडिओ नव्हताच. घराच्या भिंतीला चादर किंवा गालिचा टांगायचा, पुढे खुर्ची ठेवायची, झालं. आपल्या जत्रेतल्या फोटोवाल्याचा ताजमहालाचा पडदा आठवा. गिऱ्हाइकाला छापून हवा असायचा मधला, पडद्यापुढचा चौकोन. पण काच त्याहून मोठी, आणि ती पडद्याबाहेरचंही टिपते. पडद्याची कड, मागची दगडी भिंत, अंगणातली माती, सगळं तिच्यावर राहिलं. आज पूर्ण काच छापली की ते डोळ्यांसमोर येतं. मला दोनेत्ता मोठा वाटतो तो मधल्या चौकोनापेक्षा या कडांमुळे. मधोमध लोकांना जसं दिसायचं होतं तसं गाव आहे. कडेला ते राहत होते तसं.

याच सुमारास इंग्लंडमध्ये सर बेंजामिन स्टोन हे काचेचे कारखानदार आणि खासदार हौसेने खेड्यातल्या प्रथांचे फोटो काढत होते. त्यांनी १८९७ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय पातळीवरची संस्थाच उभारली. पैसा, मदतनीस, टिकाऊ प्लॅटिनम छपाई, सगळं हाताशी होतं. त्यांच्या हजारो फोटोंचं ऐतिहासिक मोल मोठं आहे, यात वाद नाही. पण अॅबट्स ब्रॉमली गावातले शिंगांचा नाच करणारे गडी त्यांच्या फोटोत पाहुण्यांसाठी उभे केल्यासारखे दिसतात. स्टोन प्रथा टिपायला गेले होते. दोनेत्ताला कुठे जावंच लागलं नाही, तो तिथलाच होता.

तिथलं असण्याची किंमतही त्याने मोजली. फोटोंवर पोट भरेना, देणी वाढली. १९१२ मध्ये भांडण होऊन बायको-मुलं घर सोडून गेली. धाकटा मुलगा साउल तेवढा त्याच्याजवळ राहिला. जुन्या रीतींचा कट्टर अभिमानी असलेला हा माणूस नव्या यंत्रापायी मात्र वेडा झाला होता. ही विसंगती त्याने कधी सोडवली नाही, आणि ते बरंच झालं.

१९३२ मध्ये तो वारला. ग्रामपंचायतीने देणी वसूल करायला त्याचं फोटोचं सामान लिलावात काढलं. काचा मात्र गावातच पडून राहिल्या आणि १९८० च्या दशकात पुन्हा हाती लागल्या. सुमारे ५,००० काचा आहेत. कोर्झोनेझोजवळच्या कासेरियो वस्तीत, तो ज्या गोल घरात राहायचा त्या ‘काझा रोतोंदा’मध्ये आता त्याच्या नावाचा संग्रह आहे. त्यातले फोटो पाहण्यात आले, तर माणसांकडे वळण्याआधी चारही कडा निरखून घ्या.