एक शब्द, अर्थ अनेक

इंग्रजीतील लांबलचक शब्द कठीण आणि छोटे शब्द सोपे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात छोटे शब्दच अधिक फसवे. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या एका क्रियापदाचे ४०० हून अधिक अर्थ नोंदलेले आहेत.

आपल्या पेढीवरचेच शब्द पाहा. ‘इंटरेस्ट’ म्हणजे व्याज, तशीच आवड आणि हितसंबंधही. ‘बिल’ दुकानात देयक, संसदेत विधेयक, तर पक्ष्याच्या मुखी चोच ठरते.

काही शब्द तर परस्परविरुद्ध अर्थ धारण करतात. बँकेने कर्ज ‘सँक्शन’ केले तर ती मंजुरी. एखाद्या देशावर ‘सँक्शन्स’ लादले गेले तर ते निर्बंध. ‘बायमंथली’ म्हणजे दोन महिन्यांतून एकदा, तसेच महिन्यातून दोनदाही. करारातील हप्त्यांच्या कलमात हा शब्द आला, तर देणारा आणि घेणारा दोघेही प्रामाणिक असूनही व्यवहार बिघडू शकतो. म्हणून स्वाक्षरीपूर्वी हप्त्यांच्या तारखा स्पष्ट लिहून घ्याव्यात.

मुलांनाही सुटा शब्द पाठ करायला न लावता पूर्ण वाक्यासह शिकवावा. शब्दाचा खरा अर्थ त्याच्या शेजारच्या शब्दांवरूनच कळतो.