नळाच्या वॉशरातून बिनतारी संदेश

बिनतारी संदेशवहन हा केवळ धनिकांचा छंद होय, असा पुष्कळांचा समज असतो. बंगळूरच्या शिवाजीनगरातील गुजरीत एकाने टाकलेली वस्तू दुसऱ्याच्या उपयोगी पडते. हौशी रेडिओचा आरंभही अशाच काटकसरीने करता येतो.

प्रथम ऐकण्याची सवय करावी. साध्या लघुलहरी संचावर हौशी मंडळींचे संभाषण बदकाच्या आवाजासारखे अस्पष्ट येते. त्यात एक लहानसा दोलक जोडला की शब्द उमटू लागतात. 40 मीटर पट्ट्यासाठी सुमारे 20 मीटर तांब्याची तार मधोमध तोडून ताणली की एरियल सिद्ध होते. मात्र ती विजेच्या तारांपासून दूर असावी.

हैदराबादचे अशर फरहान यांनी आपल्या 'बिटएक्स' संचात परदेशी चुंबकी कड्यांऐवजी नळाचे नायलॉनी वॉशर वापरून दाखविले. असा संच घरी जुळविता येतो. परंतु परवान्याविना प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे. बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणासही केंद्र सरकारची परीक्षा देता येते. प्राथमिक श्रेणीस मोर्स लिपीची अट नाही.

हा केवळ करमणुकीचा विषय नव्हे. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत अंदमानचे दळणवळण तुटले, तेव्हा पोर्ट ब्लेअर येथे असलेल्या भारती प्रसाद यांच्या हौशी केंद्राने आप्तांची खुशाली मुख्य भूमीवर पोहोचविली. थोडक्या पैशांत साधलेली ही विद्या संकटकाळी अनमोल ठरते.