तीन अल्बमांचा संताप

नोव्हेंबर १९९२मध्ये अमेरिकेतल्या दुकानांत आलेल्या एका अल्बमच्या मुखपृष्ठावर ना गायक होता, ना गिटार. होता ज्वाळांत बसलेला एक बौद्ध भिक्षू. १९६३ साली सायगावच्या रस्त्यावर थिच क्वांग डुक यांनी दक्षिण व्हिएतनाम सरकारच्या दडपशाहीविरुद्ध आत्मदहन केले, तेव्हा माल्कम ब्राउन यांनी टिपलेले ते छायाचित्र. अल्बमचे आणि बँडचे नाव एकच होते: ‘रेज अगेन्स्ट द मशीन’.

हेवी मेटलची जड गिटार आणि रॅपची वेगवान शब्दफेक यांची सांगड म्हणजे रॅप मेटल. ती जुळवणारा हा काही पहिला बँड नव्हे. १९८६मध्ये रन-डीएमसी आणि एरोस्मिथ एकत्र आले होते, १९९१मध्ये अँथ्रॅक्स आणि पब्लिक एनिमी. पण ती पाहुण्यांची भेट होती. १९९१मध्येच लॉस एंजेलिसमध्ये जमलेल्या या चौघांनी त्यातच संसार थाटला.

गायक झॅक डे ला रोचा मेक्सिकन वंशाच्या चित्रकाराचा मुलगा, हार्डकोर पंकमध्ये तयार झालेला. टिम कॉमरफर्ड बेसवर, ब्रॅड विल्क ड्रमवर. गिटारवादक टॉम मोरेलो हार्वर्डचा पदवीधर. वडील केनियाचे मुत्सद्दी, आई शिक्षिका. अल्बम ऐकताना अनेकांना वाटे, मागे कुणी डीजे तबकडी घासतोय. प्रत्यक्षात मोरेलो एका हाताने तारा घासत असे आणि दुसऱ्याने गिटारवरचा पिकअप (तारांची कंपने टिपणारा भाग) बदलण्याचा खटका भराभर खालीवर करत असे. एक पिकअप बंद, एक चालू. त्यामुळे आवाज तुटत, थरथरत बाहेर पडे. रेकॉर्डिंगमध्ये सॅम्पल, कीबोर्ड किंवा सिंथेसायझर वापरलेला नाही, असे अल्बमवर मुद्दाम छापावे लागले!

‘ईव्हिल एम्पायर’ यायला १९९६ उजाडले. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सोव्हिएत संघाला दिलेली ‘दुष्ट साम्राज्य’ ही शिवी चौघांनी अमेरिकेलाच परत केली आणि अल्बम विक्रीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमात त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरवर अमेरिकी झेंडे उलटे टांगण्याचा प्रयत्न केला. सूत्रसंचालक होते राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढलेले धनाढ्य स्टीव्ह फोर्ब्स. बँडला दुसरे गाणे वाजवू दिले गेले नाही.

१९९९चा ‘द बॅटल ऑफ लॉस एंजेलिस’ही पहिल्या क्रमांकावर पोचला. पहिल्यात उकळी जास्त, यात हात जास्त बसलेला; तिन्हींत घडणीने सर्वांत नेटका हाच. त्यातल्या एका गाण्याचे चित्रीकरण जानेवारी २०००मध्ये माहितीपटकार मायकेल मूर यांनी वॉल स्ट्रीटवर केले, तेव्हा गोंधळ पाहून शेअर बाजाराने आपले दरवाजे काही वेळ लावून घेतले.

भांडवलशाहीवर तुटून पडणारे हे अल्बम सोनीच्या मालकीची एपिक कंपनी विकत होती. विसंगती उघड होती आणि टीकाही झाली. मोठ्या कंपनीमुळे म्हणणे दूरवर पोचते, हे मोरेलोचे उत्तर. पटो न पटो, पोचले खरे.

ऑक्टोबर २०००मध्ये डे ला रोचाने बँड सोडला. डिसेंबरमध्ये आलेला ‘रेनिगेड्स’ हा चौथा स्टुडिओ अल्बम म्हणजे डिलन, स्प्रिंगस्टीन वगैरेंच्या गाण्यांची नवी रूपे. उरलेल्या तिघांनी गायक ख्रिस कॉर्नेलसोबत ‘ऑडिओस्लेव्ह’ हा बँड काढला.

गाणी मात्र निवृत्त झाली नाहीत. २००९च्या नाताळात ब्रिटनमध्ये टीव्हीवरच्या गायन स्पर्धेच्या विजेत्याला मागे टाकण्यासाठी लोकांनी मोहीम चालवली आणि १७ वर्षे जुने ‘किलिंग इन द नेम’ पहिल्या क्रमांकावर नेले. २००७पासून बँड अधूनमधून मंचावर आला, नवा अल्बम आला नाही. आता मैफलीही होणार नाहीत, असे विल्कने जानेवारी २०२४मध्ये सांगितले. नव्याने ऐकू पाहणाऱ्याने ‘रेनिगेड्स’ शेवटी ठेवावा. सुरुवात जळत्या भिक्षूच्या मुखपृष्ठापासूनच करावी.